विषाला धरणारा रेणू : प्रस्तावना

मण्यारीचं विष शरीरात काय करतं हे समजलं, की या पुस्तकाचा विषय निम्मा समजला असं मी मानतो.

दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या आसपासच्या कापूस-तुरीच्या पट्ट्यात, मण्यारीची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची जागा सहसा सुजत नाही, फारशी दुखतही नाही, त्यामुळे ‘पान लागलं’ हे घरच्यांना कळतच नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मेंदूचा हुकूम चेतातंतूच्या टोकापर्यंत व्यवस्थित येतो. तंतू आणि स्नायू यांच्यामधली अरुंद फट ओलांडायला अॅसिटिलकोलीन नावाचा रेणू लागतो आणि स्नायूवरच्या ग्राहीवर तो बसला तरच स्नायू हलतो. मण्यारीच्या विषातलं एक छोटं प्रथिन नेमकं त्याच ग्राहीवर जाऊन बसतं आणि जागा सोडत नाही. त्याच विषातलं दुसरं प्रथिन चेतातंतूचं टोकच उद्ध्वस्त करतं. असं फक्त सापाचं विषच करतं असं नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर कीटकनाशकांच्या विषबाधेने दगावले. तेव्हा वापरात असलेल्या औषधांत प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट होती. तीही याच फटीत गोंधळ घालतात; फक्त ती ग्राहीऐवजी अॅसिटिलकोलीन साफ करणाऱ्या विकरावर बसतात.

जीव जातो तो असा, एका रेणूवर दुसरा रेणू घट्ट बसल्यामुळे. आणि औषध म्हणून आपण जे देतो त्यातलं बहुतेक याच रीतीने काम करतं. मग प्रश्न उरतो तो एवढाच की एखाद्या ठरावीक लक्ष्यावर घट्ट बसेल आणि दुसऱ्या कशावर बसणार नाही, असा रेणू शोधायचा कसा? पेप्टाइड लायब्ररी हे या प्रश्नाचं गेल्या चाळीस वर्षांतलं सर्वांत धाडसी उत्तर आहे. उत्तर आधी डोक्याने काढू नका, कोट्यवधी वेगवेगळे रेणू एकदम तयार करा, लक्ष्यासमोर ठेवा आणि निवड लक्ष्यालाच करू द्या, असं ही पद्धत सांगते.

पेप्टाइड म्हणजे अॅमिनो आम्लांची छोटी साखळी. निसर्गात नेहमीच्या वापरात वीस अॅमिनो आम्लं आहेत. प्रत्येक जागी वीसांपैकी कोणतंही येऊ शकत असेल तर सहा दुव्यांच्या साखळ्या ६ कोटी ४० लाख होतात, सात दुव्यांच्या १२८ कोटी. तेरा दुव्यांपर्यंत गेलं तर आठावर सोळा शून्यं. एवढ्या साखळ्या एकेक करून बनवणं कुणालाच शक्य नाही. या विषयाचा सगळा इतिहास म्हणजे या आकड्याशी माणसाने घातलेली झोंबी आहे.

सुरुवात फार संथ झाली. १९०१ मध्ये एमिल फिशर यांनी दोन दुव्यांचं पेप्टाइड बनवलं, आणि ऑक्सिटोसिन हे नऊ दुव्यांचं संप्रेरक प्रयोगशाळेत घडवायला १९५३ उजाडलं. व्हिन्सेंट द्यु व्हिग्नो यांना त्यासाठी १९५५ चं नोबेल मिळालं. प्रत्येक दुवा जोडल्यावर पदार्थ शुद्ध करायचा, मग पुढचा जोडायचा. त्यात महिने जात आणि माल प्रत्येक पायरीवर गळत जाई. रॉकफेलर संस्थेतल्या ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये ही अडचण एका साध्या युक्तीने सोडवली. साखळीचं एक टोक प्लॅस्टिकच्या बारीक मण्याला पक्कं बांधून टाकायचं. मग जास्तीची रसायनं नुसती धुऊन टाकता येतात, साखळी मण्यावरच राहते. १९८४ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. १९६३ हे साल या पुस्तकाच्या वाचकाने ध्यानात ठेवावं असं मला वाटतं. त्याच वर्षी मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेप्टाइड साखळी कोणत्या कोनांत वळू शकते याचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगॅरोटॉक्सिन, म्हणजे ग्राहीवर जाऊन बसणारं ते छोटं प्रथिन, वेगळं केलं. साखळी बनवायची रीत, तिच्या आकाराचं गणित आणि तिने पकडायचं सावज, तिन्ही एकाच वर्षी, तीन खंडांत नसली तरी तीन देशांत, एकमेकांना न विचारता पुढे आली.

मण्यांची रीत हाती आल्यावर एकाच वेळी पुष्कळ साखळ्या बनवण्याची चढाओढ लागली. ऑस्ट्रेलियात मारिओ गेसन यांनी १९८४ मध्ये प्लॅस्टिकच्या काड्यांच्या टोकांवर शेकडो पेप्टाइडं एकदम घडवली आणि लाळ्या-खुरकूत रोगाच्या विषाणूचा नेमका कोणता तुकडा प्रतिपिंडं ओळखतात ते दाखवलं. ज्या रोगाने इथल्या प्रत्येक पोळ्याला एखाद्याची तरी बैलजोडी गोठ्यात राहते, त्याच रोगावर या शास्त्राचं पहिलं पाऊल पडलं. पुढच्या वर्षी रिचर्ड हॉटन यांनी मणी जाळीच्या छोट्या पुड्यांत भरून तेच काम आणखी सोपं केलं. पण खरी उडी हंगेरीच्या आर्पाड फुर्का यांची. मण्यांचे वीस वाटे करायचे, प्रत्येक वाट्याला एकेक वेगळं अॅमिनो आम्ल जोडायचं, सगळे मणी पुन्हा मिसळायचे, पुन्हा वीस वाटे करायचे. तीन फेऱ्यांत ८,००० पेप्टाइडं होतात, सहा फेऱ्यांत सगळी ६ कोटी ४० लाख, आणि तरी प्रत्येक मण्यावर एकाच जातीची साखळी. १९८२ मध्ये त्यांनी ही कल्पना नोटरीकडे नोंदवून ठेवली. जगाचं लक्ष मात्र १९९१ मध्ये गेलं, किट लॅम आणि हॉटन यांचे लेख ‘नेचर’मध्ये आल्यावर. लॅम यांच्या पद्धतीत लक्ष्याला रंग जोडतात. ज्या मण्यावर ते चिकटतं तो मणी रंगतो, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने उचलतात आणि त्यावरची साखळी वाचतात. हा झाला रसायनशास्त्रज्ञांचा पंथ. त्याची ताकद अशी की निसर्गात नसलेली अॅमिनो आम्लंही त्यात बिनदिक्कत घालता येतात.

दुसरा पंथ जीवशास्त्रज्ञांचा, आणि माझा ओढा उघडपणे त्याच्याकडे आहे. मिसूरी विद्यापीठातल्या जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये एक जिवाणूभक्षक विषाणू, म्हणजे फाज, घेतला. तो सुमारे ९०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम सहा-सात नॅनोमीटर जाड असतो. त्याच्या टोकावरच्या प्रथिनाच्या जनुकात त्यांनी परका तुकडा घुसवला. फाज जगला, आणि त्याच्या टोकावर ते परकं पेप्टाइड मिरवू लागला. त्या पेप्टाइडची कृती त्याच फाजच्या पोटातल्या डीएनएत लिहिलेली असते, या सगळ्याची मौज इथे आहे. मण्यावरची साखळी वाचायला रसायनांची कसरत लागते; इथे फाज हाती लागला की त्याचा डीएनए वाचला, काम झालं. शिवाय एक फाज मिळाला तरी जिवाणूत सोडून रातोरात त्याचे अब्जावधी करता येतात. १९९० मध्ये स्मिथ आणि जेमी स्कॉट यांच्यासह तीन गटांनी जवळपास एकाच वेळी फाजच्या कोट्यवधींच्या लायब्रऱ्या तयार केल्या. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांचा निम्मा वाटा होता.

निवडीचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. प्लॅस्टिकच्या थाळीतल्या छोट्या खोबणीत लक्ष्य-प्रथिनाचं द्रावण घालून रात्रभर थंडीत ठेवतात. प्रथिन तळाला चिकटतं. उरलेली मोकळी जागा दुधाच्या प्रथिनाने भरतात, म्हणजे फाज तिथे उगाच चिकटणार नाहीत. मग फाजची लायब्ररी ओततात, अक्षरशः अब्जावधी फाज, तासभर ठेवतात आणि साबणाच्या पाण्याने दहा वेळा धुतात. बायाबापड्या सुपात धान्य पाखडतात तेच हे काम. भुस्सा उडून जातो, दाणा खाली राहतो. इंग्रजी प्रयोगशाळांतही सोनं धुण्याच्या नावावरून या कृतीला पॅनिंगच म्हणतात. खाली राहिलेले फाज आम्लाने सोडवून घ्यायचे, लगेच आम्ल मारायचं, जिवाणूंत वाढवायचे आणि पुन्हा पाखडायचं, दर फेरीत धुणं अधिक कडक करत. तीन-चार फेऱ्यांनंतर डीएनए वाचला, की तेच तेच क्रम पुन्हा पुन्हा दिसू लागतात.

दिसू लागतात, पण त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो, आणि या पुस्तकाने ही गोष्ट हातचं न राखता सांगितली आहे याचं मला विशेष मोल वाटतं. हिस्टिडिन, अॅलानिन, आयसोल्युसिन, टायरोसिन, प्रोलिन, आर्जिनिन, हिस्टिडिन या सात दुव्यांचं एक पेप्टाइड जगभरच्या प्रयोगशाळांना वेगवेगळ्या लक्ष्यांवर सापडत होतं. त्यावर निबंध छापले गेले. २००८ मध्ये खुलासा झाला की ते कशालाच विशेष चिकटत नाही. ते मिरवणाऱ्या फाजमध्ये एक उत्परिवर्तन होतं आणि त्यामुळे तो इतरांपेक्षा भराभर वाढत होता, एवढंच. धुण्यात तो टिकत नव्हता, वाढण्यात पुढे जात होता. काही पेप्टाइडं प्लॅस्टिकलाच चिकटतात, काही दुधाच्या प्रथिनाला. लक्ष्याशिवायची रिकामी खोबणी शेजारी ठेवून तीच कृती न करणाऱ्याने या क्षेत्रात पाऊल टाकू नये.

नव्वदच्या दशकात तिसरा पंथ उभा राहिला. त्याने जिवंत पेशीच वगळली. फाजची लायब्ररी जिवाणूंत घालावी लागते, त्यामुळे तिचा आकार काही अब्जांपुढे जायला अडखळतो. १९९७ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्‌स आणि जॅक शोस्टॅक यांनी प्युरोमायसिन वापरून पेप्टाइड थेट आपल्याच संदेशवाहक आरएनएला जोडून दाखवलं. सगळं परीक्षानळीत घडतं, आणि आकडा दहा लाख कोटींपर्यंत जातो. टोकियोच्या हिरोआकी सुगा यांनी त्यात निसर्गाबाहेरची अॅमिनो आम्लं आणि साखळीची दोन्ही टोकं जोडून केलेलं कडं आणलं. कडं का, तर सरळ साखळी आपल्या रक्तातली विकरं मिनिटांत कातरून टाकतात, आणि सैल साखळी लक्ष्यावर बसताना ताठ व्हावी लागते म्हणून पकडही ढिली पडते. यीस्टच्या पेशीवर प्रथिनं मिरवायची रीतही १९९७ चीच. तिच्याकडे पुढे येतो.

यातून औषधं झाली का? झाली. तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या १६५ दुव्यांच्या एरिथ्रोपोएटिनशी क्रमात काहीही साम्य नसलेलं वीस दुव्यांचं पेप्टाइड त्याच्याच ग्राहीवर बसून तेच काम करतं, हे १९९६ मध्ये फाज लायब्ररीतून कळलं तेव्हा पुष्कळांना धक्का बसला होता. त्याच वाटेने पेगिनेसाटाइड हे रक्तक्षयाचं औषध २०१२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. काही रुग्णांना त्याची जीवघेणी अॅलर्जी झाली आणि २०१३ मध्ये ते परत घेण्यात आलं. प्लेटलेट वाढवणारं रोमिप्लोस्टिम मात्र २००८ पासून टिकून आहे. २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं झिलुकोप्लान हे आरएनए पंथाचं अपत्य, पंधरा दुव्यांचं कडं. ते मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारावर देतात. या आजारात शरीराची स्वतःची प्रतिपिंडं स्नायूवरच्या अॅसिटिलकोलीनच्या ग्राहीवर हल्ला करतात. या रुग्णांच्या स्नायूंवर ग्राही कमी झालेले असतात हे १९७३ मध्ये मोजलं गेलं, आणि मोजायला वापरलं होतं अल्फा-बंगॅरोटॉक्सिन. मण्यारीच्या विषाने एका आजाराचं मूळ दाखवलं आणि पन्नास वर्षांनी लायब्ररीने त्यावर औषध दिलं.

मग मण्यारीच्या विषावरच लायब्ररी का वापरू नये? वापरली गेली. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत सारा फुक्स आणि एफ्राइम कात्सिर (हे त्याआधी त्या देशाचे राष्ट्राध्यक्षही होते) यांच्या गटाने १९९७ मध्ये फाज लायब्ररीतून अल्फा-बंगॅरोटॉक्सिनला धरणारं पेप्टाइड काढलं. मग एकेक दुवा बदलत त्याची पकड कित्येक पटींनी घट्ट केली. तेरा दुव्यांचं ते पेप्टाइड विषाला धरून बसलेलं असतानाची स्फटिकरचना २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पाहिली की ग्राहीचा जो भाग विष पकडतं त्याचीच नक्कल हे पेप्टाइड करतं हे दिसतं. इटलीत सिएनाच्या लुइसा ब्राच्ची यांच्या गटाने चार फांद्यांचं पेप्टाइड बनवून ते रक्तात टिकवलं आणि उंदरांना त्या विषापासून वाचवलं.

एवढं होऊन वीस वर्षं लोटली. आपल्या ग्रामीण रुग्णालयात आजही मिळते ती घोड्याच्या रक्तापासून केलेली लसच, म्हणजे १८९० च्या दशकातल्या आल्बेर काल्मेत यांच्या कल्पनेचीच पुढची आवृत्ती. ती जीव वाचवते, आणि दंशानंतर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठणं यापलीकडे आज दुसरा मार्ग नाही हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. पण तिच्या मर्यादाही खऱ्या आहेत. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर बेतलेली आहे, आणि त्यासाठी लागणारं विष बहुतांश तामिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेतून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुणगार यांच्या गटाने दाखवून दिलं आहे. विदर्भातल्या काळ्या जमिनीतल्या सापाच्या विषावर लस त्यामुळे कमी-जास्त लागू पडू शकते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यांतली.

माझ्या मते या क्षेत्राची खरी अडचण तंत्रात राहिलेली नाही, लक्ष्य कोण ठरवतो यात आहे. लायब्ररी कुणाचीही बाजू घेत नाही. समोर ठेवाल त्याला धरणारा रेणू ती देते. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची लक्ष्यं आधी समोर ठेवली गेली. आता चित्र थोडं बदलतं आहे. सुणगार यांच्या गटाने अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर यीस्टवर मिरवलेल्या कृत्रिम प्रतिपिंडांच्या प्रचंड लायब्ररीतून २०२४ मध्ये एक प्रतिपिंड काढलं. नाग-मण्यारीच्या कुळातल्या सापांच्या विषातल्या एका प्रथिनगटाच्या १४९ ज्ञात प्रकारांपैकी ९९ प्रकारांना ते धरतं. जानेवारी २०२५ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या गटाने लायब्ररीऐवजी संगणकावरच रचलेली छोटी प्रथिनं याच कुळातल्या विषांवर चालवून दाखवली. मण्यारीचं जे दुसरं प्रथिन चेतातंतू तोडतं त्याला यातलं काहीही थांबवत नाही. ते काम पुढच्या पिढीसाठी शिल्लक आहे.

संगणक आल्यावर लायब्रऱ्या कालबाह्य होतील का, असं हल्ली विचारलं जातं. मला तसं वाटत नाही. संगणकाने सुचवलेले रेणू शेवटी याच फाज आणि यीस्टच्या चाळणीतून जातात. आणि निसर्गाच्या स्वतःच्या लायब्रऱ्या तर अजून नीट उघडलेल्याही नाहीत. ब्राझीलच्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडांवरून रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल घडलं, ते १९८१ मध्ये बाजारात आलं. फिलिपिन्सच्या समुद्रातल्या शंखाच्या विषातलं झिकोनोटाइड २००४ पासून असह्य वेदनांवर देतात. आपल्या किनाऱ्यावरच्या शंखांच्या विषावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन आणि बंगळूरचे पी. बलराम यांनी मोलाचं काम केलं. बलराम पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ज्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून मृत्यू आटोक्यात आणले, त्याच विंचवाच्या विषातलं ३७ दुव्यांचं आयबेरिओटॉक्सिन आज जगभरच्या प्रयोगशाळा पोटॅशियमच्या वाहिन्या तपासायला वापरतात.

आमच्या कापसालाही हे शास्त्र परकं नाही. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या ग्राहीवर बसतं म्हणून अळी मरते. ग्राही बदलला की पकड सुटते आणि अळी माजते. गुलाबी बोंडअळीने आमच्या शिवारात काय केलं ते सांगायला नको. २०१६ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड लिऊ यांच्या गटाने फाजच्या मदतीनेच बीटीच्या विषाला नव्या ग्राहीवर बसायला शिकवलं. तो प्रयोग वेगळ्या अळीवर होता, पण वाट तीच आहे.

हे पुस्तक या सगळ्याची हातपुस्तिका नाही आणि कौतुकगाथाही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा फार्मसी शिकणाऱ्या, मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला या क्षेत्राच्या आत नेऊन उभं करणं हा त्याचा हेतू आहे. लेखकाने तिन्ही पंथांना न्याय दिला आहे. माझ्यासारखा कल त्याने दाखवलेला नाही. फसलेल्या प्रयोगांना त्याने यशस्वी प्रयोगांइतकीच जागा दिली आहे. पेटंट आणि किमतींचा प्रश्न मात्र त्याने थोडक्यात उरकला आहे. दुसऱ्या आवृत्तीत त्यावर अधिक यावं, अशी माझी अपेक्षा आहे.

आणि वाचकांतल्या शिक्षकांना एक विनंती. हे नुसतं वाचायला लावू नका, करायला लावा. सापाच्या विषाला हात लावायचं कारण नाही. साप वन्यजीव कायद्याखाली येतात आणि ते काम परवानगी असलेल्या प्रयोगशाळांचं आहे. सुरुवातीला स्ट्रेप्टॅव्हिडिन हे निरुपद्रवी प्रथिन घ्या. फाजची तयार लायब्ररी विकत मिळते. जिवाणू वाढवायची सोय, सेंट्रिफ्यूज आणि थाळ्या बहुतेक महाविद्यालयांत असतात, डीएनए वाचायला बाहेर पाठवता येतो. या लक्ष्याचं उत्तर १९९० पासून माहीत आहे. तीन फेऱ्यांनंतर विद्यार्थ्यांच्या यादीत हिस्टिडिन, प्रोलिन, ग्लुटामिन हे तीन दुवे ओळीने पुन्हा पुन्हा दिसले, आणि रिकाम्या खोबणीच्या यादीत दिसले नाहीत, तर त्यांचा हात बसला असं समजा आणि त्यांना पुढचं लक्ष्य स्वतः निवडू द्या.

बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ